चैत्रांगणातला चष्मा

आत्याची रांगोळीची वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे. मागून उघडली की दुधाचा हिशोब लागतो: तारीख, अर्धा लिटर, पाऊण लिटर, मधूनच एखादा ‘खाडा’. पुढून उघडली की रांगोळ्या. मध्यावर कुठेतरी दोघांची गाठ पडते आणि तिथे, १९७४ च्या चैत्रातल्या दुधाला पाठ लावून, एक चैत्रांगण आहे. शिसपेन्सिलीनं काढलेलं, कडेला तेलाचा डाग, वरच्या कोपऱ्यात हळदीचं बोट. गेली काही वर्षं मी हे पान अधूनमधून काढून बघतो आणि दर खेपेला निराळ्याच ठिकाणी थबकतो.

आधी एक कबुली. हे पान म्हणजे खरं चित्र नव्हे, चित्राचं टाचण आहे. खरं चित्र वाईच्या आमच्या वाड्यात, मागच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर रोज सकाळी उमटायचं आणि दिवेलागणीपर्यंत पायाखाली जायचं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर. बारा वर्षांचा मी परीक्षेचा अभ्यास टाळून ओसरीच्या पायरीवर बसून ते बघत असे. त्यामुळे पुढचं सगळं निम्मं वहीवरून आणि निम्मं आठवणीवरून लिहितो आहे.

ज्यांच्या घरी चैत्रांगण नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात. चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते असं मानतात. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा छोट्या झोपाळ्यात बसवायची, सोयीचा दिवस बघून हळदीकुंकू करायचं, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. आणि दारात तिच्यासाठी ही रांगोळी. पांढऱ्या रेघेत पन्नासएक चिन्हं: सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, तुळशीवृंदावन, कलश, नाग, कासव, हत्ती, मोर, आंबा, केळ, फणी, आरसा, करंडा. पूर्ण झाली की वर हळदीकुंकवाची चिमूट. कुणी एकावन्न चिन्हं म्हणतं, कुणी चौसष्ट. घरागणिक आकडा बदलतो आणि प्रत्येक घराला आपलाच बरोबर वाटतो. आत्याची मी वहीत मोजली. बावन्न आहेत. एकावन्नात एक जास्त. त्या बावन्नाव्याकडे यायचंच आहे.

पहिली गोष्ट रेघ. रांगोळीची रेघ ओढलेली नसते, सोडलेली असते. पेन्सिल कागदाला टेकते, कुंचला कापडाला टेकतो. रांगोळी काढणारीचं बोट जमिनीला लागतच नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून भुकटी निसटत राहते आणि हात पुढे जातो. बोटं जमिनीच्या जवळ असली तर रेघ नेमकी पडते, वर गेली तर पसरते. हात रेंगाळला की जाड, घाईत गेला की तुटक. म्हणजे काढणारीच्या मनाची घालमेल, घाई, निवांतपणा, सगळं त्या रेघेच्या जाडीत उतरतं. खोडायची सोय नाही. चुकलं तर ओल्या बोटानं पुसायचं, पण पुसल्याचा डाग सारवणावर दिसतोच.

शिरगोळ्याच्या दगडाची भुकटी जरा जड आणि खरखरीत असते, म्हणून ती पडते तिथे बसते. कोकणात भाताची तुसं जाळून त्यांची पांढरी राख वापरत, तिला वाऱ्याचं भय. आत्याकडे करवंटीत शिरगोळा असे. तिच्या हाताची खूण वळणावर कळायची. नवशिक्याचा हात वळणाशी दबकतो आणि तिथे भुकटीचा ढीग पडतो. आत्या वळणाच्या जरा आधी हात सैल सोडायची आणि वळण झालं की पुन्हा आवरायची. शंखाचं वेटोळं ती एका दमात काढी. अक्षरशः दम रोखून; शंख पुरा झाला की ‘हुश्श’ ऐकू येई.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, चित्रात कोण काय बघतं याची एक वाटणी केलेली आहे. आचार्यांना रेषा दिली, जाणकारांना छाया, सामान्यांना रंगांची समृद्धी, आणि स्त्रियांना अलंकरण. वाटणी करणाऱ्यानं सकाळच्या वेळी आपल्याच अंगणात डोकावलं नसावं. तिथे छाया नाही, रंग नाही, सगळा कारभार एका रेषेवर चाललेला आणि तो चालवणारी बाई. आचार्यांचा वाटा तिनं कुणाला न विचारता उचललेला होता.

दुसरी गोष्ट मांडणी. आत्या झोपाळ्यापासून सुरुवात करी आणि उकिडवं बसून मागे मागे सरकत पायरीपर्यंत येई, आपलाच पाय चित्रावर पडू नये म्हणून. वर मधोमध झोपाळा, उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्र, आणि त्यांच्याखाली बाकीची मंडळी ओळीनं. वहीतल्या पानाकडे चित्र म्हणून पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इथे कुणी कुणाला झाकत नाही. हत्तीच्या मागे अर्धं लपलेलं वृंदावन नाही, केळीआडून डोकावणारा मोर नाही. प्रत्येकाला आपली पूर्ण आकृती. आणि मापही एकच: हत्ती जेवढा, करंडाही तेवढाच. कासव आणि सूर्य बरोबरीचे.

चित्रकलेच्या वर्गात याला कुणी चूक म्हणेल. पण दूरचं लहान दिसतं हा नियम डोळ्याचा आहे, मानाचा नाही. ही मांडणी समजून घ्यायची तर पंगत आठवावी. ज्याला बोलावलं त्याला पूर्ण पाट. अर्ध्या पाटावर कुणाला बसवत नाहीत आणि कुणाचं पान दुसऱ्याच्या पानावर चढू देत नाहीत. वाढणं डावी-उजवीकडून ठरल्याप्रमाणे, पण भूक सगळ्यांची सारखीच धरलेली. आत्यानं आयुष्यभर पंगती मांडल्या. अंगणातही तिनं पंगतच मांडली.

पंगतीत शेजारी कोण येतं यावर गंमत असते. शंख, चक्र, गदा, पद्म हे चौघे मानकरी, ते एकत्र. त्यांच्या खालच्या ओळीत मात्र नाग आणि त्याला लागून फणी. पेन्सिलीच्या चित्रात नागाच्या फण्यावरच्या उभ्या रेघा आणि केसांच्या फणीचे दात अगदी सारखे काढले आहेत. फणा आणि फणी. हा शब्दांचा खेळ तिनं जाणून केला की हाताला सवयीनं आला, सांगता येणार नाही. पण डोळा एकावरून दुसऱ्यावर घसरतो तेव्हा भीतीची वस्तू आणि रोजची वस्तू एकाच रेघेनं झालेल्या आहेत हे कळतं, आणि जरा हसूही येतं.

अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ साली ‘बांगलार ब्रत’ या पुस्तकात बंगाली बायकांच्या व्रतातल्या आलपनेकडे चित्रकाराच्या नजरेनं बघितलं. तिथेही दागिने येतात, घरातल्या वस्तू येतात, आणि अवनींद्रनाथांनी त्यांत इच्छा ओळखली: जे हवं ते रेखाटायचं. चैत्रांगणाची जात थोडी निराळी वाटते. इथे मागणं कमी आणि मांडणं जास्त. पोर माहेरी आली म्हणजे आई जशी कपाट उघडून एकेक काढून दाखवत बसते, हे बघ, ते बघ, हे तुझ्या लहानपणचं, तसं घरातलं आणि जगातलं जे जे आहे ते गौरीपुढे काढून ठेवलेलं. त्यात सूर्यही आला आणि करंडाही.

आता झोपाळा. दोन गौरी समोरासमोर बसलेल्या, वर आंब्याच्या पानांचं तोरण, दोन्ही बाजूंना कड्यांच्या साखळ्या. बहुतेक चैत्रांगणांत या साखळ्या ओळंब्यात सरळ खाली येतात. आत्याच्या पानावर त्या कलल्या आहेत. हात चुकला म्हणावं तर दोन्ही साखळ्या सारख्याच डावीकडे कलल्या आहेत, आणि गौरीच्या पदराची रेघ उजवीकडे मागे राहिली आहे. म्हणजे झोका चालू आहे. बावन्न चिन्हांत एवढंच एक हलतं आहे. बाकी सगळे, मोरसुद्धा, ठोकळ्यासारखे उभे. त्या स्थिर दरबारात तो एक झोका गेल्यावर आख्खं पान सजीव होतं. हे सुचायला फार मोठी नजर लागते, आणि जमायला रेघेवर फार मोठा ताबा.

आत्या स्वतः माहेरी आली ती कायमची. त्याची कारणं घरात कुणी बोलत नसे आणि मीही इथे त्यांत शिरत नाही. एवढंच सांगतो की महिन्यानं परत जाणाऱ्या पाहुणीचा झोका ती हलता ठेवी, आणि अक्षय्य तृतीयेला, गौर जायच्या दिवशी, लक्ष्मीची पावलं नेहमीसारखी आत येणारीच काढी. जाणारी पावलं तिच्या वहीत एकही नाहीत.

आणि आता बावन्नावं. ते फणी आणि करंडा यांच्या मध्ये आहे. एरवी तिथे आरसा असतो. आरशाला जरा खाली सरकवून ही जागा केलेली दिसते. दोन गोल, मध्ये एक छोटी कमान, बाजूंना दोन वाकड्या काड्या. चष्मा.

त्या वर्षी चैत्राच्या आधी आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा नाकावर यायचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसतं. पहिले आठ दिवस तिला पायरीचा अंदाज येत नव्हता आणि रेघ ठरवलेल्या जागेच्या अलीकडेच पडत होती. शंखाला दोनदा ओलं बोट लागलेलं मी त्याच वर्षी पाहिलं. मग एका सकाळी फणीच्या शेजारी चष्मा उमटला. हळदीकुंकवाला आलेल्या एका मावशींनी विचारलं, “अगो, गौरीला चष्मा लागला की काय?” आत्या म्हणाली, “तिला कशाला लागेल? मला लागलाय.” झालं. त्यावर चर्चा नाही, कुणाला राग नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्मा, आणि महिना संपेपर्यंत रोज.

रसिक म्हणून मला त्या चष्म्याचं मोल विनोदापलीकडचं वाटतं. आकृती बघा. वर दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र हे दोन गोल, एकमेकांपासून शक्य तितके लांब. खाली चष्म्याचे दोन गोल, एका छोट्या कमानीनं जोडलेले. वरचे दोन जवळ आणून सांधले की खालचा चष्मा होतो. आकार परका नाही म्हणून पंगतीत तो उपरा वाटत नाही. आणि तो बसवला कुठे? शंखचक्रांत नाही, झोपाळ्याजवळ नाही. फणी, आरसा, करंडा या बाईच्या रोजच्या वस्तूंत, अगदी हक्काच्या जागी. परंपरेनं दिलेल्या यादीत तिनं आपल्या अंगावरची एक खरी वस्तू घातली, आणि ती अशी घातली की यादीला तडा गेला नाही. कुठल्याही कलेत नवं कसं आणावं याचा हा लहानसा वस्तुपाठ आहे. शिवाय चित्राच्या कोपऱ्यात सही करायची तिची पद्धत नव्हती. ती सही तिनं अशी केली.

रसग्रहण म्हणजे आरती नव्हे, तेव्हा उणंही सांगितलं पाहिजे. आत्याचा चंद्र नेहमी अवजड होतो. त्यातला ससा पोट सुटलेला दिसतो. तिचा हंस बदकापासून वेगळा काढता येत नाही. रिकामी जागा तिला सहन होत नसे, जिथे म्हणून बोटभर सारवण मोकळं दिसलं तिथे चार ठिपक्यांचं फूल. त्यामुळे खालच्या दोन ओळींना श्वास घ्यायला जागा नाही. वरच्या भागातली झोपाळ्याभोवतीची मोकळीक तिला जमली होती, ती खाली येईपर्यंत टिकली नाही. पाय भरून येत असतील.

आणखी एक उणं आहे, ते तिचं नव्हे, माझ्या बघण्याचं. ज्या सारवणावर ती रेघ पडायची ते सारवण पहाटे एक बाई येऊन करून जायच्या. शेण आणायचं, पाण्यात कालवायचं, हातानं सारवायचं, आणि त्याचे जे काही पैसे मिळत ते थोडेच असणार. आत्याची रेघ बिनमोल होती, तिच्याखालची जमीन मोलाची होती. त्या बाईंच्या घरासमोरही गोपद्मांची ओळ असायची. शाळेला जाताना ती ओलांडून मी जात होतो. ती रेघ कशी होती, वळणावर जाड व्हायची का, मला आठवत नाही, कारण मी बघितलीच नाही. आणि चैत्रांगण ही काही विशिष्ट घरांची, विशिष्ट जातींची गोष्ट होती हेही विसरून चालणार नाही. निरपेक्ष कलेचं कौतुक करताना अंगण कुणाकडे होतं हा प्रश्न विचारावा लागतो.

हे सगळं चालू होतं त्याच दशकात, डहाणूकडच्या वारली पाड्यांवर दुसरीच एक गोष्ट घडत होती. तिथे लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहायचा मान सवाष्ण बायकांचा. भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकारानं तिथल्या लोकांच्या हाती कागद दिला, आणि जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर लग्नाच्या चौकटीबाहेरचं जग काढलं: मासेमारीचं जाळं, तारपा नाच, शेत, मुंग्या. ती चित्रं देशोदेशी गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदाबरोबर बाजार आला आणि बाजाराबरोबर कुंचला बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेला. यात वाईट झालं असं मी म्हणणार नाही. जिव्या मशे यांची रेघ थोर होती, आणि त्या पाड्यांवर चार पैसे येणं हीही मोठी गोष्ट होती. विकल्यानं कला बाटते हे पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे.

तरी दोन वाटा निराळ्या आहेत हे खरं, आणि फरक कुठे पडतो ते बघण्यासारखं आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना आरशातल्या प्रतिबिंबासारखं हुबेहूब ते विद्धचित्र, भुकटीनं काढलेलं ते धूलिचित्र, असे भेद केले आहेत. आपल्याकडच्या रांगोळी प्रदर्शनांत गेली कित्येक वर्षं या दोन्हींचा संकर होत आला आहे. भुकटीनंच काढलेली व्यक्तिचित्रं, इतकी हुबेहूब की बघणारा वाकून विचारतो, फोटो तर नाही ना? त्यामागची मेहनत अफाट असते. पण ते धूलिचित्र वाटत नाही हीच त्याची स्तुती. भुकटीनं आपण भुकटी आहोत हे विसरायला लावलं म्हणून टाळी. आत्याच्या चैत्रांगणात भुकटी भुकटीच असते. बघणाऱ्याला थक्क करायचं नाही म्हटल्यावर हातावरचं एक ओझं उतरतं, आणि तो हात झोका कलता काढायला मोकळा होतो.

पण आत्याला ही मोकळीक कुणी दिली? सकाळच्या कामाच्या वेळात बाईनं पाऊण तास उकिडवं बसून काहीबाही काढत राहावं, याला त्या घरात दुसऱ्या कुठल्याच नावाखाली परवानगी मिळाली नसती. हे देवाचं काम होतं. चैत्रातली गौर ही पाहुणी होती आणि आत्याचा रजेचा अर्जही. तिची श्रद्धा खोटी होती असं मला म्हणायचं नाही. ती मनापासून नमस्कार करी. पण नमस्काराला एक मिनिट लागे आणि झोपाळ्याच्या साखळीला दहा.

निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, मी ती वही घेऊन बसलो आणि आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या दाराबाहेर चैत्रांगण काढायला लागलो. चार फूट बाय तीन फूट जागा. गुळगुळीत फरशीवर भुकटी ठरत नाही. लिफ्टचं दार उघडलं की वाऱ्यानं सरकते. मग प्लायवूडचा तुकडा आणून त्याला गेरूचा हात दिला. माझी रेघ आजही वळणावर जाड होते. गुडघे तर पाच मिनिटांतच बोलायला लागतात.

पहिल्या दिवशी समोरच्यांनी काळजीनं विचारलं, “वहिनी बऱ्या आहेत ना?” दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एक बाई थांबल्या, “अय्या, क्लास लावलाय का कुठे?” तिसऱ्या दिवशी एक तरुण जोडपं, “काका, ऑर्डर घेता का? आमची वास्तुशांत आहे.” सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्पर्धेचा फॉर्म आणून दिला. त्यांच्या मुलानं सुचवलं, “काका, काढताना व्हिडिओ करा, व्ह्यूज येतील.” सगळे भले लोक, सगळ्यांना खरंच आवडलेलं. पण मोठ्या माणसानं काही काढलं तर त्याला एखादं खातं लागतं: शिकणं, शिकवणं, विकणं, जिंकणं, नाहीतर दाखवणं. लहान मूल खडूनं जिना रंगवतं तेव्हा कुणी त्याला ऑर्डर घेतोस का विचारत नाही. आत्याकडे देवाचं खातं होतं. मी तर धड भाविकही नाही. घरात झोपाळ्यातली गौर नाही, हळदीकुंकू नाही. माझ्याकडे खातंच नाही. बायको म्हणाली, “खातं जाऊ दे. खाली सांडलेलं तेवढं झाडून घे म्हणजे झालं.”

झाडता झाडता एक गोष्ट उलगडली. आत्याच्या वहीत चैत्रांगणाचं पान एकच आहे, पण तिनं ते त्या महिन्यात तीसेक वेळा काढलं असणार, आणि आयुष्यभरात शेकडो वेळा. वहीतलं पान कुठल्या दिवसाचं? कुठल्याच नाही. खरं चित्र त्या शेकड्यांतलं कुठलं? हा प्रश्नच तिला कळला नसता. विकायच्या चित्राला एका दिवशी पुरं व्हावं लागतं. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं म्हणजे त्यावर ‘झालं’ असं म्हणावंच लागतं, आणि मग त्यातला अवजड चंद्र कायमचा अवजड राहतो. न विकायच्या चित्राला रोज सुरू होता येतं. कालचा चंद्र आज नाही. आजचा बिघडला तरी उद्याची जमीन कोरी. प्रौढपणी कमाईच्या हिशोबाबाहेर काही करत राहण्याचं सुख लोक ‘समाधान’ वगैरे शब्दांत सांगतात. मला ते एवढंच दिसतं: काल चुकलेलं आज पुन्हा काढायला मिळणं. नोकरीच्या पस्तीस वर्षांत हे मला एकदाही मिळालं नव्हतं. तिथे चुकीची फाइल व्हायची.

आता मी दुधाच्या हिशोबाकडेही निराळ्या नजरेनं बघतो. तिथे रोजची एक नोंद, आणि महिन्याच्या शेवटी बेरीज. पान उलटून पुढे यावं तर इथेही रोजचं एक काम, पण खाली बेरीज नाही. दोन्ही एकाच वहीत, एकाच पेन्सिलीनं, एकाच हातानं. आत्यानं या दोघांचं भांडण लावलं नाही. फक्त एकाची बेरीज दुसऱ्याच्या पानावर येऊ दिली नाही.

माझं गाडं सध्या हत्तीपाशी अडलं आहे. वहीतला हत्ती चार रेघांत उभा राहतो: पाठीची एक कमान, पोटाची एक, पुढे सोंड आणि मागे शेपटीचा तुरा. माझा हत्ती पहिल्या आठवड्यात रांजणासारखा झाला, दुसऱ्यात उशीसारखा. काल खालच्या मजल्यावरची सहा वर्षांची मुलगी वाकून बराच वेळ बघत होती. मग गंभीरपणे म्हणाली, “काका, डुक्कर छान झालंय.”

रात्री वही काढून पुन्हा बघितली. आत्या पाठीपासून सुरुवात करत नसणार. पाठीची कमान सोंडेतूनच निघालेली आहे, रेघ कुठेही तुटलेली नाही. मी इतके दिवस आधी धड काढून मग त्याला सोंड चिकटवत होतो. उद्या सोंडेपासून सुरू करून बघतो.